उजवा पाय

कागदावरची पहिली अकरा नावं पुरुषांची होती आणि बारावं तिचं होतं. लूर्दने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला आणि कागद खिडकीच्या उजेडात धरला. कप्यार अंथप्पनचं अक्षर गिचमिड, पण चर्चची घंटा वाजवण्यापासून मेणबत्त्या मोजण्यापर्यंत सगळं करणाऱ्या त्या माणसाच्या चिठ्ठ्या ती छत्तीस वर्षं वाचत आली होती. दरवर्षी उपवासकाळाच्या चौथ्या आठवड्यात हा कागद येई. येशूने आपल्या बारा शिष्यांचे धुतले तसे पवित्र गुरुवारी पाद्री ज्या बारा जणांचे पाय धुणार त्यांची नावं, आणि नावांपुढे छातीची, खांद्याची मापं. त्यावरून तिने बारा पांढरे झगे सैल किंवा घट्ट करायचे आणि बारा टॉवेलांच्या कडा दुमडून शिवायच्या. अकरा नावांपुढे मापं होती. तिच्या नावापुढे अंथप्पनने लिहिलं होतं, ‘स्वतःचं स्वतः घे.’

चूक झाली असणार, असं तिला आधी वाटलं. मग आठवलं, गेल्या वर्षी रोमहून पत्र आलं होतं. या विधीला बायकाही चालतील असं त्यात होतं, आणि ते वेदीवरून वाचून दाखवलं तेव्हा बायकांच्या बाजूला कुजबुज झाली होती आणि पुरुषांच्या बाजूला कुणीतरी मुद्दाम खोकलं होतं. तेव्हाच्या म्हाताऱ्या पाद्रींनी पत्र कपाटात ठेवलं आणि नेहमीचे बारा बाप्ये बसवले. यंदा नवे पाद्री जूड अच्चन आले होते, चौतीस वर्षांचे, मोटरसायकलवरून आजाऱ्यांना प्रसाद नेऊन देणारे. त्यांनी प्रत्येक गल्लीच्या प्रार्थनामंडळाला एकेक नाव द्यायला सांगितलं. तिसऱ्या गल्लीचं मंडळ मंगळवारी जसिंताच्या घरी जमलं, आणि नेमका त्या दिवशी लूर्दला ताप होता. म्हणजे तिच्या पाठीमागे हे ठरलं होतं. तिने कागदाची घडी करून शिवणाच्या डब्यात ठेवली आणि हातमशीन फिरवायला घेतलं. चांगली वीतभर शिवण झाल्यावर तिच्या लक्षात आलं की सुईत दोराच ओवलेला नाही.

टेबलाखाली उजवा पाय ठणकत होता. ठणका तसा रोजचाच, पण आज त्याला आपलं नाव घेतल्याचं कळलं होतं असं तिला वाटलं. गुडघ्याखाली तो एकदम रुंद होई. घोट्याशी कातडीच्या घड्या एकीवर एक पडलेल्या, त्या पावलावरून दुमडत पुढे आलेल्या, आणि बोटं त्यांच्यातून कशीबशी बाहेर डोकावणारी. तिच्या लहानपणी कोचीत असे पाय गल्लोगल्ली होते. नावाड्यांचे, कोळंबी सोलणाऱ्यांचे, वखारीत मिरी चाळणाऱ्या बायकांचे. मग डासांवर फवारे आले, गोळ्या आल्या, गटारं झाकली गेली, आणि ते हत्तीपाय एकेक करून दफनभूमीत गेले. या चर्चच्या हद्दीत आता बहुधा तिचा एकटीचा उरला होता. एकोणिसाव्या वर्षापासून तो परकराखाली आणि पुढे साडीखाली होता. आज ती एकाहत्तरची होती. आणि पाय धुण्याच्या विधीत उजवाच पाय पुढे करायचा, अशी या चर्चची रीत होती. तिनेच शिवलेल्या झग्यांतले बाप्ये ओळीने बसत आणि उजवा पाय पुढे सरकवत, हे तिने खांबाआडच्या आपल्या जागेवरून छत्तीस वेळा पाहिलं होतं. हो म्हटलं तर सगळ्या चर्चसमोर तो पाय साडीबाहेर काढावा लागणार. नाही म्हटलं तर का नाही, हे तोंडाने सांगावं लागणार. आजवर दोन्हींतलं काहीच तिने केलं नव्हतं.

चर्चचं वर्ष तिला कापडांवरून कळे. टेबलावर जांभळं आलं की उपवासकाळ, पांढरं आलं की ईस्टर, लाल आलं की रक्तसाक्ष्यांचे, हुतात्म्यांचे सण, आणि मग महिनोन्महिने हिरवं, ज्यात विशेष काही घडत नाही आणि माणसं नीट जगतात. वेदीवरचे कपडे, पाद्रींचे झगे, गायकवृंदाच्या पट्ट्या, नाताळच्या गोठ्यातल्या मेंढपाळांचे अंगरखे, सगळं तिच्या हाताखालून जाई. पायमशीन तिला चालवता आलं नसतं. पण चर्चच्या बायकांना ती सांगे की हाताच्या मशीनचा टाका जास्त एकसारखा पडतो, आणि त्या माना डोलवत. जानेवारीत, बाणांनी मारल्या गेलेल्या संत सेबास्त्यावचा बाण वाजतगाजत घरोघर फिरे, तेव्हा ती दारात मेणबत्ती घेऊन उभी असे. झावळ्यांच्या रविवारी सगळे चर्चला वळसा घालत, ती आत बसून उरलेल्या झावळ्यांचे क्रूस विणी. चांगल्या शुक्रवारी क्रुसाची वाट समुद्राकडून निघे, चौदा ठिकाणी थांबत, उन्हात. ती मागे राहून पेजेच्या मोठ्या पातेल्यापाशी चवळी निवडत बसे. मे महिन्यात रोज संध्याकाळी मरियेची जपमाळ, ती मात्र बसून म्हणायची असते, आणि म्हणून मे तिचा आवडता. एवढ्या वर्षांत बसून करायची जितकी कामं चर्चमध्ये होती तितकी सगळी तिच्याकडे आली होती. लोक तिला ताई या अर्थी चेच्ची म्हणत, आणि म्हणत, लूर्द-चेच्चीला स्वस्थ बसवत नाही. ते ऐकून तिला हसू येई, आणि ती ते दाबून टाकी.

शेवटची मिरवणूक ती चालली ती ख्रिस्तशरीराच्या सणाची. एकोणीस वर्षांची होती, हातात मोगरा आणि जास्वंदीच्या पाकळ्यांची परडी, छत्राच्या पुढे पाकळ्या टाकत चाललेल्या मुलींमध्ये ती सगळ्यात उंच. अर्ध्या वाटेत उजव्या पायातला बूट आवळायला लागला. तिला वाटलं, बूट नवा आहे. चर्चच्या पायऱ्यांशी पोचेस्तोवर पायाला पायाचा आकार उरला नव्हता. घरी आईने पट्टा कापून बूट काढला आणि पाऊल मांडीवर घेऊन अंगठ्याने दाबलं. अंगठा जिथे रुतला तिथे खळगा पडला आणि तो भरून यायला फार वेळ लागला. आई त्या खळग्याकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. त्या आठवड्यात तिने लूर्दच्या सगळ्या परकरांच्या पट्ट्या उसवून चार बोटं खाली सोडल्या. मग एकीचेच परकर लांब दिसतील, म्हणून धाकट्या तिघींचेही सोडले. आठ वर्षांची मार्सेला परकरात पाय अडकून दोनदा पडली, दुसऱ्यांदा हनुवटीला टाके पडले. तिला कारण कुणी सांगितलं नाही. घरात त्या पायाचं नाव कधी निघालं नाही. आई गेली तेव्हाही ते तिच्या ओठांवर नव्हतं, तरी शेवटच्या दिवसांत तिचा हात लूर्दच्या साडीचा काठ चाचपत असे, नीट खाली आहे ना म्हणून. तिघी बहिणींची लग्नं ठरली तेव्हा तिन्ही वेळा पाहुणे बाहेर बसले होते आणि लूर्द स्वयंपाकघरात नारळ खवत होती. एकदा कॉन्व्हेंटमध्ये जाऊन विचारलं. तिथल्या मदरनी मायेने जवळ बसवलं, बागेतले पेरू दिले आणि जिना फार उभा आहे म्हणाल्या.

पवित्र आठवड्याच्या सोमवारी संध्याकाळी अंथप्पन झगे न्यायला आला, खरं म्हणजे उत्तर न्यायला. साठीचा माणूस, तिच्याहून दहाबारा वर्षांनी लहान, बोलताना नेहमी दाराच्या चौकटीला टेकणारा.

“माप झालं का बाराव्या प्रेषिताचं?” त्याने विचारलं.

“बारावा कोण होता आठवतंय ना तुला? पैसे घेऊन पळाला तो.”

“त्याच्या जागी दुसरा घेतलाच की चिठ्ठी टाकून. तू ती चिठ्ठी समज.”

मग तो हसतहसत बाकीच्यांची गंमत सांगत बसला. दुसऱ्या गल्लीतला कंत्राटदार पाय धुवून घ्यायचे म्हणून पार्लरमध्ये जाऊन पाय धुवून आला होता, नखांना चकाकी लावून. शाळेच्या शिपायाने आठ दिवस चपलेत मोजे घातले. दरवर्षी हेच होई. पाद्रींच्या हाती पडण्याआधी ते बारा पाय इतके घासले जात की अच्चनना धुवायला काही उरत नसे. लूर्द हसली नाही. तिने सांगितलं की तिला जमायचं नाही, जसिंताचं नाव टाक. अंथप्पनने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, एप्रिलच्या पानावर काही महत्त्वाचं लिहिलेलं असावं तसं. मग कॅलेंडरकडेच बघत म्हणाला की डावा पाय दे. उजव्याला लागलंय असं तो अच्चनना सांगून ठेवील. रीत रीत म्हणजे काय, पाय धुतल्याशी कारण. तिच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. डावा. हे कसं सुचलं नाही आपल्याला? डावा पाय चांगला होता, लहानसा, सहा नंबरचा, त्याची टाच अजून मऊ होती. तो झगे घेऊन गेला आणि बऱ्याच वेळाने तिच्या मनात आलं की उजव्याला काय झालंय, हे त्याने विचारलंच नव्हतं.

जेवताना शेर्लीने विषय काढला. लूर्द भाच्याच्या घरात राहत होती आणि शेर्ली त्याची बायको. वाईट नव्हती ती. ताप आला की पेज करून देई, औषधाच्या वेळा तिच्या ध्यानात असत, पायाची पट्टी वेगळ्या दोरीवर वाळत घाली आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढत नसे. पण मुलीला, अलीनाला, वायपीनहून स्थळ आलं होतं, आणि मुलाकडची माणसं चर्च बघायला म्हणून नेमकी गुरुवारच्या मिस्साला येणार होती. आता सगळा विधी मोबाईलवरही दिसतो, कुवेतपर्यंत दिसतो, असं ती भात वाढतावाढता म्हणाली. मग वाढायची थांबली. “आंटी, डावाच ना? नक्की?” लूर्दने मान हलवली. “तसं नाही हो, लोक म्हणतात रक्तातून येतं. येत नाही, मला माहीत आहे. पण म्हणतात.” आणि तिने सर्वांत मोठा माशाचा तुकडा लूर्दच्या पानात घातला. लूर्दने तो खाल्ला. पन्नास वर्षांपूर्वीचं स्वयंपाकघर असो की आताचं, आपल्याला त्यात बसवणारी माणसं आपल्याला नेहमी पोटभर वाढतात, हे तिच्या मनात येऊन गेलं. तरी तिला राग आला नाही. डावा ठरला होता. सगळं नीट होणार होतं.

बुधवारी वेदीमागच्या खोलीत ती टॉवेलांच्या घड्या घालत होती, आणि जसिंता समोर बसून मेणबत्त्यांच्या वाती कातरत होती. दोघी शाळेपासूनच्या. जसिंता मासळीबाजारात चाळीस वर्षं बसलेली, आवाज अजून तसाच, कुजबुजली तरी बाहेर ऐकू जाई. तिला अंथप्पनकडून डाव्याचं कळलं होतं. ती एकेक वात नको तितकी आखूड कातरत होती, आणि जसिंता बोलत नाही म्हणजे काहीतरी होणार हे लूर्दला ठाऊक होतं.

“माझं नाव तू दिलंस,” लूर्द म्हणाली.

“दिलं.”

“विचारलं नाहीस.”

“विचारलं असतं तर तू टॉवेल शिवायला बसली असतीस.” जसिंताने कात्री खाली ठेवली. “लूर्द, तुझ्या चपला कुठे असतात रविवारी?”

“दाराबाहेर. सगळ्यांच्या असतात.”

“कुंडीच्या मागे असतात. एक सहा नंबरची, एक मचव्याएवढी. टायरची, चांभाराने मुद्दाम करून दिलेली. बावन्न वर्षं. पाऊस आला की त्या वळचणीला कोण उचलून ठेवतं, तुला काय वाटलं, देवदूत?”

लूर्दच्या हातातला टॉवेल अर्धा घडी होऊन थांबला.

“आम्ही सगळे बघत नाही, एवढंच,” जसिंता म्हणाली. “माझ्या सुनेला लग्न होऊन आल्यावर पहिल्या रविवारी मी सांगितलं, मला माझ्या सासूने सांगितलं होतं. लूर्द चालत असली की वर बघायचं. आता मी सत्तरीची झाले, मानेचे मणके गेले माझे. मला एकदा खाली बघू दे.”

घरी येताना लूर्द मधल्या गल्लीने आली. तिला कुणी भेटायला नको होतं. अंगाची आग होत होती. म्हणजे या सगळ्यांना माहीत होतं. आईने परकर सोडले, मार्सेलाची हनुवटी फुटली, आपण साड्यांना दीड वीत फॉल लावला, उन्हाळ्यात घामाने पाय सडायची वेळ आली तरी काठ वर केला नाही, ते सगळं कुणासाठी? ज्यांच्यापासून लपवलं ते सगळे आतूनबाहेरून जाणून होते, आणि त्यांनी आपल्याला लपवू दिलं, लहान मूल तोंडावर हात घेऊन लपतं तेव्हा मोठी माणसं त्याला शोधत बसतात तसं. तिला आपण मूर्ख ठरल्यासारखं वाटलं, आणि त्याहूनही, लुटल्यासारखं. पण चालताचालता एकेक गोष्ट आपली जागा सोडून नव्या जागी जाऊन बसायला लागली. चांगल्या शुक्रवारी सगळे गुडघ्यांवर सरकत जाऊन क्रुसाचं चुंबन घेत, आणि तिच्या बाकापाशी मात्र पाद्री स्वतः क्रूस घेऊन येत. वयामुळे, असं ती समजे. पण हे सुरू झालं तेव्हा ती तीस वर्षांची होती. सेबास्त्यावचा बाण तिसऱ्या गल्लीत शिरला की सगळ्यांत आधी तिच्या दारी येई, मग उलटा फिरून पहिल्या घरापासून सुरुवात होई. तिला कधी दारात फार वेळ उभं राहावं लागलं नव्हतं. खांबाआडची तिची जागा ईस्टरच्या गर्दीतही रिकामी असे. वेदीच्या पायऱ्या चढताना कुठूनतरी एक हात कोपराखाली येई, आणि ज्या बाईचा हात असे ती दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत असे. अंथप्पनचं कॅलेंडर. एवढी माणसं, एवढी वर्षं, बाप मुलाला आणि सासू सुनेला शिकवत आलेलं हे न बघणं. यातले किती जण दफनभूमीत गेले तिच्या पायाकडे एकदाही न बघता. गल्लीच्या तोंडाशी ती भिंतीला हात टेकून उभी राहिली. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. दम लागला होता तेवढाच.

संध्याकाळी तिने रोजच्याप्रमाणे पाय धुतला. एका नर्स सिस्टरने पस्तीस वर्षांपूर्वी तिला तोंडी सांगून शिकवलं होतं. कोमट पाणी, साधा साबण, चोळायचं नाही, प्रत्येक घडी बोटाने उघडून आत पाणी सोडायचं. आणि धुण्यापेक्षा पुसणं महत्त्वाचं. बोटांच्या मधे, घडीच्या तळाशी, जुन्या मऊ कापडाने टिपून घ्यायचं, कारण ओल राहिली की कातडी फाटते, फाटली की ताप. पाऊण तास लागे. एवढ्या वर्षांत बारा-तेरा हजार वेळा तिने ते केलं असेल. आज कापड घडीत घालताना तिला जाणवलं की आईचा तो अंगठा सोडला तर या पायाला दुसऱ्या माणसाचं बोट लागलेलं नाही. डाव्यालाही नाही तसं, पण डाव्याने कधी मागितलं नव्हतं. तिने पाय उशीवर उंच ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं, शेर्ली खिडकी लावायला येईपर्यंत पाहिलं. डावा ठरलाच होता. शब्द दिला होता. अलीनाचं स्थळ चांगलं होतं.

गुरुवारी पाच वाजता चर्च भरलं होतं. पंखे फिरत होते आणि पांढरी फुलं उकाड्याने आताच कडेला तपकिरी पडायला लागली होती. बारा खुर्च्या वेदीच्या पायऱ्यांपुढे लोकांकडे तोंड करून मांडल्या होत्या, आणि बाराव्या खुर्चीवर ती बसली होती, साडीवरून पांढरा झगा घातलेला. खांबाआडून नव्हे तर समोरून पहिल्यांदाच तिला सगळं चर्च दिसत होतं. पहिल्या बाकावर शेर्ली, अलीना, आणि त्यांच्या शेजारी वायपीनची माणसं. मोरपंखी साडीतली एक ठसठशीत बाई मुलाची आई असणार. तिसऱ्या बाकावर जसिंता. गायकवृंदाने सुरुवात केली आणि जूड अच्चनांनी वरचा झगा उतरवून कमरेला लांब पांढरं कापड बांधलं. कंत्राटदारापासून त्यांनी आरंभ केला. उजवा पाय पुढे, अंथप्पनच्या हातातल्या तांब्यातून पाणी, खाली परात, टॉवेलाने दोन हात फिरवले, वाकून पावलाचं चुंबन, पुढचा. एकेकाला अर्धा मिनिटही लागत नव्हतं. नखांच्या चकाकीवर पाणी ठरत नव्हतं. चार झाले, सात झाले. लूर्दने डावी चप्पल दाराबाहेर काढताना मनातल्या मनात डाव्या पायाला तयार करून ठेवलं होतं. नऊ, दहा. अकरावा शाळेचा शिपाई, तिच्या शेजारी. अच्चन त्याच्यापुढून उठले आणि तिच्यापुढे गुडघ्यांवर आले. त्यांच्या कपाळावर घाम होता. अंथप्पनने परात डाव्या बाजूला सरकवली आणि अच्चनांनी दोन्ही हातांची ओंजळ तिथे धरली, तिच्या डाव्या पायासाठी.

तिने मान वर केली, आणि तिला दिसलं. चर्चमधलं एकही माणूस तिच्याकडे बघत नव्हतं. आत्तापर्यंत अकरा वेळा सगळे माना उंच करून बघत होते, मागचे टाचांवर उभे होते, आणि आता कुणी छताकडे बघत होतं, कुणी पंख्याकडे, कुणी हातातल्या पुस्तकात. सहाशे माणसं, एकाच वेळी, कुणी न सांगता. इतक्या सवयीने की त्यांना ते आपण करतोय हेही कळत नसावं. फक्त वायपीनची माणसं बघत होती, कारण त्यांना माहीत नव्हतं, आणि जसिंता बघत होती. जसिंताचे डोळे तिच्यावर होते, बाजारात एकदा सांगितलेला भाव खाली न आणणाऱ्या बाईचे डोळे. लूर्दला त्या सगळ्या वर वळलेल्या हनुवट्यांचा अचानक फार उमाळा आला. ठेवा आता खाली, असं तिला म्हणायचं होतं. ते म्हणायची एकच रीत होती. तिने दोन्ही हातांनी साडी आणि झगा धरला, आवरून गुडघ्यापर्यंत घेतला, आणि उजवा पाय उचलून पुढे केला. तो जड होता, त्याला वेळ लागला.

“अच्चन,” ती म्हणाली, “हा.”

जूड अच्चनांनी क्षणभर डाव्या बाजूची रिकामी ओंजळ तशीच धरली. मग ते गुडघ्यांवरच उजवीकडे सरकले. अंथप्पनने परात आणली, आणि पाय परातीत मावेना. आडवी धरून पाहिली, तिरकी करून पाहिली. शेवटी लूर्दने टाच परातीच्या काठावर टेकवली आणि ओता म्हणून सांगितलं. पाणी घड्यांवरून उतरलं, थोडं परातीत पडलं आणि बरंचसं बाहेर, फरशीवर, आणि फरशीला खाली लोकांकडे उतार होता. अच्चन टॉवेल फिरवायला लागले, इतरांना फिरवला तसा वरच्यावर, आणि लूर्दला राहवेना.

“तसं नाही,” ती म्हणाली. “घडी उघडायची. आत.”

अच्चनांच्या गळ्याला माईक होता. तिचा आवाज त्यातून गेला आणि चारी भिंतींवरून परत आला. छताकडे बघणारी माणसं दचकून खाली आली. पहिल्यांदा लहान मुलं, मग बायका, मग सगळेच. लूर्दला तो क्षण अंगावर ऊन पडावं तसा जाणवला. पायावर सहाशे जणांचे डोळे होते आणि पायाला काहीही झालं नव्हतं. तो तिथेच होता, ओला, करडा, प्रचंड. पाणी पहिल्या बाकाखाली पोचलं होतं. अनवाणी पावलांना गार लागल्यावर दोघातिघांनी पाय वर घेतले आणि कुठून आलं ते बघून पुन्हा खाली ठेवले. वायपीनच्या बाईने पाय हलवला नव्हता. ती पुढे वाकून शेर्लीच्या कानात काही विचारत होती. शेर्लीच्या हातातला मोबाईल केव्हाच मांडीवर आला होता. तिने मान ताठ केली आणि उत्तर दिलं, आणि माईक नसला तरी ओठांवरून ते लूर्दला वाचता आलं. आमची आंटी.

टॉवेल चिंब झाला. अंथप्पनने दुसरा पुढे केला, तोही शेजाऱ्याच्या पायाने ओला झालेला. तेव्हा अच्चनांनी कमरेचं लांब कापड सोडलं, त्याचं टोक बोटाला गुंडाळलं आणि पहिली घडी उघडली. त्यांचा हात आधी बिचकला, मग स्थिर झाला. दुसऱ्या माणसाचं बोट तिथे कसं लागतं ते तिला ठाऊक नव्हतं. ते गरम होतं. तिच्या स्वतःच्या बोटापेक्षा ते अडाणी होतं, पण ते कुठून येतंय हे आधी कळत नव्हतं, आणि त्या न कळण्याने तिच्या पाठीतून मानेपर्यंत काहीतरी चढत गेलं. ती खुर्चीत ताठ बसली. पदर डोळ्यांना लावावा असं वाटलं नाही. गायकवृंदाचं गाणं संपलं होतं. ते एकमेकांकडे बघत होते, आणि मग पेटीवाल्याने पुन्हा पहिल्या कडव्यापासून सुरुवात केली. अच्चनांनी मध्येच थांबून वाकून अंगठ्याचं चुंबन घेतलं. झालं असं समजून ते उठायला लागले.

“करंगळीच्या मागे राहिलंय,” लूर्द म्हणाली.

मागच्या बाकांवरून कुणीतरी हसलं, मग दहाजण हसले, आणि जूड अच्चनही हसले आणि पुन्हा गुडघ्यांवर बसले. गाणं दुसऱ्यांदा संपून तिसऱ्यांदा सुरू झालं, आणि या खेपेला लोकही म्हणायला लागले, खाली बघत. पुरुषांचे जाड आवाज आणि बायकांचे उंच. बाहेर कुणाची तरी गाडी वाट अडवल्याबद्दल भोंगा वाजवत होती. अजून चार घड्या राहिल्या होत्या. सावकाश होऊ दे, लूर्द मनात म्हणाली, आणि साडी आणखी थोडी वर घेतली.